तळ्याकाठचा चित्रकार

कलावंताची योग्यता त्याच्या मिळकतीवरून ठरविण्याची रीत समाजात रूढ असली, तरी तिने न्याय होतोच असे नाही. कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान यांचे आयुष्य याची साक्ष देते.

१८८० नंतरच्या दशकात आबालालांनी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. त्या काळी चित्रकाराचा चरितार्थ मुख्यतः व्यक्तिचित्रांवर चाले. शेठ-सावकार व संस्थानिक आपली तैलचित्रे करवून घेत. निसर्गचित्राला गिऱ्हाईक क्वचितच लाभे. मुंबईत बस्तान बसविण्याजोगे शिक्षण गाठीशी असूनही आबालाल कोल्हापुरास परतले. कोटितीर्थ तळ्याच्या परिसरात अत्यंत साधेपणाने राहून ते झाडी, पाणी आणि बदलता प्रकाश रंगवीत राहिले. रंकाळ्याचे पाणी चढले की बुडणारा संध्यामठ त्यांच्या चित्रामुळेच अनेकांच्या स्मरणात राहिला आहे.

जलरंगात चूक झाकता येत नाही. उजेड दाखवावयाचा तो कागद कोरा राखून. असा संयम बाजाराच्या घाईत जोपासता येत नाही; त्यासाठी निश्चिंती लागते. ती आबालालांना राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने लाभली. महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार नेमले.

परंतु हा आश्रय एका व्यक्तीच्या आयुष्याशी बांधलेला होता. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. त्या शोकावेगात आबालालांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली, असे कोल्हापुरात सांगितले जाते. आख्यायिकेतील आकडे बाजूला ठेवले, तरी त्यातील अर्थ उरतोच : ज्याच्यासाठी चित्रे काढावीत असा रसिक गेला आणि त्याची जागा घेणारी संस्था मात्र उभी नव्हती. १९३१ मध्ये आबालालही निवर्तले. त्यांचा वारसा पुढे बाबूराव पेंटरांसारख्या कोल्हापूरच्या कलावंतांनी चालविला.

संस्थाने विलीन झाली, राजाश्रय इतिहासजमा झाला. आता ती जबाबदारी लोकांची आहे. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आबालालांची चित्रे पाहावयास मिळतात. जलरंग उजेडाने फिके पडतात, कागद दमटपणाने खराब होतो. अशा चित्रांची नोंद, छायाचित्रण आणि जतन यांसाठी लागणारा खर्च सार्वजनिक अंदाजपत्रकास जड नाही. तो टाळला, तर तळ्यात न बुडालेली चित्रेही आपण आपल्या अनास्थेत बुडवू.