गुरांच्या रोगाचा माग काढणारे डॉ. रॉबर्ट कॉख

रात्री चारा खाल्लेलं धडधाकट जनावर पहाटे दावणीलाच मेलेलं दिसतं. नाकातोंडातून काळसर, न गोठणारं रक्त येतं. हा फाशी, म्हणजे काळपुळी रोग. पूर्वी लोक याला करणी समजत. त्याचं खरं कारण पुराव्यानिशी दाखवलं डॉ. रॉबर्ट कॉख यांनी.

जर्मनीतल्या क्लाउस्टाल गावी ११ डिसेंबर १८४३ रोजी त्यांचा जन्म झाला. १८७२ पासून ते वोलस्टाइन भागात सरकारी डॉक्टर होते. तिथं या रोगानं गुरं-मेंढरं दगावत. रोगी तपासून उरलेल्या वेळात कॉख घरीच सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या जनावरांचं रक्त बघत. ते उंदरांना टोचून त्यांनी तोच रोग घडवून दाखवला. या जंतूचं टणक बीज मातीत वर्षानुवर्षं टिकतं, हेही त्यांनी १८७६ साली सिद्ध केलं. १८८२ साली त्यांनी क्षयाचा जंतू शोधला.

१८९६ साली बुळकांडीच्या तपासासाठी त्यांना दक्षिण आफ्रिकेत बोलावणं आलं. तिथून १८९७ मध्ये ते प्लेगच्या कामासाठी मुंबईत आले. त्याच वर्षी त्यांनी मुक्तेश्वरची प्रयोगशाळा पाहिली. गुरांच्या रोगांची ही प्रयोगशाळा १८८९ साली आपल्या पुण्यातच सुरू झाली होती.

एवढ्या मोठ्या माणसाचाही एक अंदाज चुकला. गाईचा क्षय माणसाला फारसा बाधत नाही, असं त्यांनी १९०१ साली मांडलं. पुढच्या तपासणीत ते खोटं ठरलं. म्हणून तबेल्यातलं दूध उकळूनच प्यावं. १९०५ साली त्यांना नोबेल मिळालं. २७ मे १९१० रोजी ते वारले.

बुळकांडी २०११ साली जगातून हद्दपार झाली. फाशीचं तसं नाही, कारण त्याचं बीज मातीत दडून बसतं. म्हणून चेणे-वरसाव्याचा शेतकरी असो की काशीमिऱ्याचा तबेलेवाला, जनावर असं अचानक मेलं तर कातडं सोलू नका, चिरफाड करू नका. मेलेलं जनावर उघडलं की हवा लागून जंतू बीज धरतो. रोग माणसालाही होतो. ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. त्यांच्या सल्ल्यानं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. ओढ्यात किंवा गायरानात टाकू नका. जिथं हा रोग पूर्वी येऊन गेलाय, तिथं दरवर्षी पावसाळ्याआधी लस टोचून घ्या. ग्रामपंचायत अधिकारी, सरपंचांनीही अशा मरतुकीची खबर दाबून ठेवू नये.