विश्लेषण : नाना शंकरशेठ यांच्या काळात मुंबईची मालवाहतूक कशी बदलली?

बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी म्हटली की १६ एप्रिल १८५३ ची दुपार, १४ डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित आठवतात. त्या प्रवासात जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेठही होते. मात्र ही रेल्वे प्रामुख्याने आखली गेली ती मालासाठी, त्यातही कापसासाठी. नानांच्या ६२ वर्षांच्या आयुष्यात बैलाच्या पाठीवरचा माल लोहमार्गावर आला. या बदलाची किंमतही काहींना मोजावी लागली.

नाना कोण होते?

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाडच्या व्यापारी घराण्यात झाला. १८२२ मध्ये वडील वारले आणि ऐन तरुणपणी पेढीचा कारभार त्यांच्याकडे आला. शिक्षणसंस्थांना त्यांनी हात सैल सोडून मदत केली. १८५२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते अग्रणी होते. मुंबईचा व्यापार बंदरावर चालतो, पण बंदराला माल पुरवणारा प्रदेश सह्याद्रीपलीकडे आहे, हे या शहरातील प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक होते.

रेल्वेपूर्वी माल कसा जाई?

देशावरचा माल मुख्यत: बंजाऱ्यांच्या तांड्यांवर अवलंबून होता. बैलांच्या पाठीवर धान्य, कापूस लादून तांडे शेकडो मैल चालत आणि किनाऱ्याकडून मीठ घेऊन परतत. बोरघाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला, त्यामुळे पुण्याकडचा माल बैलगाडीने उतरू लागला. वऱ्हाड मात्र दूरच राहिला. तिथला बराच कापूस बैलांवरून मिर्झापूरला आणि पुढे गंगेतून कलकत्त्याला जाई. वाटेत धूळ बसे आणि पाऊस गाठला तर माल भिजे.

नानांची भूमिका काय?

१८४५ मध्ये नाना आणि सर जमशेटजी जीजीभाय यांनी मुंबईत रेल्वेसाठी संस्था उभारली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील कापसाचे पीक बुडाले आणि इंग्लंडमधील गिरणीमालकही भारतीय रेल्वेचा आग्रह धरू लागले. १८४९ मध्ये ‘ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे’ कंपनीला मान्यता मिळाली. तिच्या संचालकांत हे दोघेच भारतीय होते. भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी देण्यात आली. नफा कमी पडला तर ही रक्कम भारतीय महसुलातून द्यायची होती.

घाटाने किती काळ अडवले?

१८५६ मध्ये गाडी पायथ्याच्या खोपोलीपर्यंत पोहोचली. १८५८ मध्ये घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला चढ तयार नसल्याने गाडीतून उतरवलेला माल बैलगाडीने घाट ओलांडे आणि पुन्हा गाडीत चढे. १८६३ मध्ये बोरघाटाचा मार्ग पूर्ण झाला. त्यासाठी हजारो मजुरांनी अपघातांत आणि पटकीच्या साथीत प्राण गमावले. १८६५ च्या आरंभी थळ घाटही पार झाला.

नानांनी या बदलाचे फळ पाहिले का?

अर्धेच. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडकला आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी नानांचे निधन झाले. लोहमार्ग नागपूरला पोहोचला तो १८६७ मध्ये. म्हणजे वऱ्हाडचा कापूस थेट मुंबईला आणणारी वाट खऱ्या अर्थाने तयार झाली, तेव्हा नाना नव्हते आणि तेजीही ओसरली होती.

कोणी काय गमावले?

रेल्वे जिथे पोहोचली तिथे तांड्यांचा धंदा बसला. १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि पुढे काही भागांतील बंजाऱ्यांवरही तो शिक्का बसला. पिढ्यान्‌पिढ्या माल सुखरूप पोहोचवणाऱ्यांच्या भटकंतीकडेच संशयाने पाहिले जाऊ लागले.

आज हा इतिहास का आठवायचा?

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत रेल्वेचाही बराचसा माल ट्रकने ओढून घेतला. आता दादरी ते जेएनपीटी या स्वतंत्र मालवाहू मार्गातून तो परत मिळवण्याचा प्रयत्न आहे. वाहतुकीचे साधन बदलते तेव्हा बंदर आणि व्यापारी सावरतात. जुन्या साधनावर पोट असलेल्यांचे काय, हा प्रश्न मात्र नानांच्या काळाइतकाच आजही खुला आहे.