लहरींना दिशा देणारे ब्राऊन

इंदूरच्या सराफ्यात रात्र चढू लागली की खवय्यांबरोबर मोबाइलच्या लहरींचीही दाटी होते. त्या कोलाहलातून आपला शब्द नेमका आपल्या माणसापर्यंत पोहोचतो, त्यामागे अनेक अँटेना एकत्र राबवण्याचे शास्त्रही आहे. त्याची पायाभरणी करणाऱ्यांत कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांचे नाव अग्रभागी येते.

६ जून १८५० रोजी जर्मनीतील फुल्डा येथे त्यांचा जन्म झाला. काही स्फटिकांतून वीज एका दिशेने सहज वाहते, उलट दिशेने मात्र अडते, हे त्यांनी १८७४ मध्ये दाखवून दिले. पुढे १८९७ मध्ये स्ट्रासबर्ग येथे त्यांनी ऋणकिरण नलिका घडवली. दूरचित्रवाणीचा पडदा तिच्यातूनच उदयास आला. पण तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही.

त्या काळी बिनतारी केंद्रांच्या लहरी एकमेकींत मिसळत आणि संदेशांचा गोंधळ उडे. ब्राऊन यांनी ठिणगीचे मंडल अँटेनापासून वेगळे करून दोन्हींचा मेळ घातला. त्यामुळे संदेशाचा पल्ला वाढला आणि हस्तक्षेप घटला. या कार्यासाठी १९०९ चे नोबेल पारितोषिक त्यांना मार्कोनी यांच्यासमवेत मिळाले.

तत्पूर्वी, १९०५ मध्ये, त्यांनी त्रिकोणाच्या तीन टोकांवर तीन अँटेना उभ्या केल्या. एकीला वीज किंचित उशिरा पोहोचेल अशी योजना करताच लहरी एका दिशेला परस्परांना बळ देऊ लागल्या, तर दुसऱ्या दिशेला परस्परांना क्षीण करू लागल्या. खांब जागचे न हलवता, केवळ जोडणी बदलून, लहरींचा झोत वळवता आला.

१९१४ च्या अखेरीस, महायुद्ध पेटले असताना, अमेरिकेतील सेव्हिल येथील जर्मन बिनतारी केंद्रावरील पेटंटच्या दाव्यात साक्ष देण्यासाठी त्यांनी अटलांटिक ओलांडला. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि परतीची वाट बंद झाली. आपला शोध जगाला मुक्तहस्ते देणारा हा शास्त्रज्ञ पेटंटच्या वादापायी परमुलखात अडकला. २० एप्रिल १९१८ रोजी, युद्ध संपण्यापूर्वीच, ब्रुकलिन येथे त्यांचे निधन झाले.

आज अँटेनांमधील हा सूक्ष्म कालभेद संगणक क्षणोक्षणी बदलतो, हव्या त्या मोबाइलकडे झोत वळवतो आणि हस्तक्षेप येणाऱ्या दिशेकडे जणू कान बंद करतो. तीन खांबांनी सिद्ध केलेले तत्त्व मात्र तेच आहे.