काचेच्या पेटीतील सागर

तेर आणि नळदुर्ग या परिसरातील मुलांना तेरणा व बोरी या नद्यांचे पाणी परिचयाचे असते. समुद्र मात्र धाराशिव जिल्ह्यापासून ३०० किलोमीटरांहून अधिक दूर आहे. अशा दूरच्या लोकांपर्यंत समुद्रातील जिवंत सृष्टी सुखरूप नेऊन पोहोचविणे ही गोष्ट एके काळी अशक्यप्राय वाटे. ती शक्य करून दाखविणाऱ्यांमध्ये फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे.

गॉसचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडमधील वूस्टर या गावी झाला. त्याचे वडील लहान आकाराची व्यक्तिचित्रे रंगवीत गावोगाव हिंडत. घरची स्थिती बेताचीच होती. फिलिपचे बालपण पूल या बंदरात गेले. तेथे त्याच्या एका आत्याने त्याला किनाऱ्यावरील जीवांची गोडी लावली. खडकाला चिकटून बसणारी आणि फुलासारखी उमलणारी समुद्रफुले तिने त्याला दाखविली. ती फुले नसून प्राणी आहेत, हे जाणून त्या बालकाचे कुतूहल जागे झाले आणि ते जन्मभर मावळले नाही.

वयाच्या सतराव्या वर्षी तो नोकरीसाठी न्यूफाउंडलंड बेटावर गेला. दिवसा हिशेबाच्या वह्या लिहाव्यात आणि फावल्या वेळी कीटकांचे निरीक्षण करावे, असा त्याचा क्रम होता. पुढे कॅनडात त्याने शेती केली. ती तोट्यात गेली. अमेरिकेत काही काळ शिक्षकाचे काम केले. १८३९ मध्ये तो रिकाम्या हातांनी स्वदेशी परतला. परंतु निरीक्षणांनी भरलेल्या वह्या हे त्याचे खरे धन होते. त्यानंतर जमेका बेटावर सुमारे दीड वर्ष राहून त्याने तेथील पक्ष्यांवर ग्रंथ लिहिला. १८४८ मध्ये त्याचा एमिली बोज हिच्याशी विवाह झाला.

अतिश्रमाने प्रकृती ढासळल्यामुळे १८५२ मध्ये गॉस सहकुटुंब डेव्हन परगण्याच्या किनाऱ्यावर जाऊन राहिला. समुद्रातील जीव घरी जिवंत कसे ठेवावेत, हा प्रश्न तेथे त्याच्यापुढे उभा राहिला. भांड्यातील पाणी दोनचार दिवसांत नासे आणि जीव मरून जात. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० मध्ये गोड्या पाण्याबाबत एक मार्ग दाखविला होता. मासे श्वासाने जो वायू बाहेर टाकतात, तो पाणवनस्पती सूर्यप्रकाशात शोषून घेतात आणि प्राणवायू परत देतात. हेच तत्त्व गॉसने खाऱ्या पाण्याला लावले. समुद्रशैवाल आणि प्राणी यांचे प्रमाण नीट साधले, तर तेच पाणी कित्येक आठवडे निर्मळ राहते, असे त्याला आढळून आले.

परंतु जीव ठेवण्याइतकेच ते पकडणे आणि हलविणेही कठीण होते. समुद्रशैवालास मुळे नसतात. ते खडकाला घट्ट धरून असते. ते ओरबाडले तर टिकत नाही. समुद्रफूल ओढून काढल्यास त्याचा तळ फाटतो. म्हणून गॉस ओहोटीच्या वेळी छिन्नी आणि हातोडा घेऊन जाई व त्या जीवाखालचा खडकाचा तुकडाच अलगद फोडून घेई. माशांची गोष्ट आणखी नाजूक. त्यांच्या अंगावर एक बुळबुळीत आवरण असते. कोरड्या हाताने किंवा खरखरीत जाळ्याने ते निघाले, तर मासा रोगास बळी पडतो. दाटीवाटीने कोंडल्यास पाण्यातील प्राणवायू संपतो. पाणी तापल्यास तर तो मुळातच कमी राहतो. शिवाय एकदम वेगळ्या उष्णतेच्या पाण्यात सोडल्यास माशाला धक्का बसतो. याउलट समुद्रफुले आणि खेकडे थोड्याशा कोंडलेल्या पाण्यापेक्षा ओल्या शैवालात गुंडाळून अधिक सुखरूप प्रवास करतात. कारण त्यांचे अंग ओले राहते आणि हवाही मिळते.

१८५३ च्या मे महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडण्यात आले. सार्वजनिक स्वरूपाचे ते जगातील पहिले मत्स्यालय मानले जाते. त्यासाठी गॉसने वेमथच्या किनाऱ्यावरून शेकडो जीव गोळा करून सुमारे २०० किलोमीटर दूर असलेल्या लंडनला पाठविले. दुसऱ्या वर्षी त्याचा या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी गोड्या पाण्यात क्षार मिसळून समुद्रजल बनविण्याची रीतही त्याने सांगितली. १८५६ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्यत्व देऊन त्याचा गौरव केला. पुढील वर्षीच पत्नी कर्करोगाने निवर्तली. त्या दुःखात गॉस आपल्या लहान मुलासह पुन्हा डेव्हनला जाऊन राहिला.

त्याच्या ग्रंथांनी मात्र एक अनपेक्षित परिणाम घडवून आणला. काचेवरील कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती. आगगाडीने किनारा जवळ आणला होता. घरोघरी मत्स्यपेट्या आल्या आणि हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या. ज्यांना पकडण्याची कला अवगत नव्हती, त्यांनी खडक ओरबाडले; नेलेले जीव बहुधा चार दिवसांत मेले. ज्या डबक्यांतून गॉसने रंगांची रत्ने पाहिली होती, ती ओस पडू लागली. आपल्याच लेखणीने ही वाट दाखविली, याचे त्याला अतोनात दुःख झाले. त्याचा पुत्र एडमंड याने १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे नमूद केले आहे.

२३ ऑगस्ट १८८८ रोजी गॉसचे निधन झाले. त्याने घालून दिलेली वाट पुढे देशोदेशी गेली. १९५१ मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले, तेव्हा महाराष्ट्रातील असंख्य मुलांनी समुद्राच्या पोटातील सृष्टी प्रथमच काचेपलीकडे पाहिली. ज्ञानाची जिज्ञासा थोर खरी. पण ज्या जीवाला आपण जाणून घेऊ इच्छितो, त्याच्या प्राणांची काळजी वाहणे हा त्या ज्ञानाचाच भाग आहे, हे गॉसच्या चरित्रावरून दिसून येते.