अज्ञात संख्यांना रंगांची नावे देणारे भास्कराचार्य

समजा, यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबच्या बाजारातून एकाने १ किलो तूरडाळ आणि २ किलो साखर मिळून २३० रुपयांना आणली. दुसऱ्याने २ किलो डाळ आणि १ किलो साखर ३२५ रुपयांना. भाव दोघांच्याही लक्षात नाही. पहिली खरेदी दुप्पट करून तीतून दुसरी वजा केली, की ३ किलो साखरेचे १३५ रुपये उरतात. म्हणजे साखर ४५ रुपये, डाळ १४० रुपये किलो. आज दहावीत शिकवली जाणारी अशी समीकरणे भास्कराचार्यांनी पावणेनऊशे वर्षांपूर्वी आपल्या ग्रंथात मांडली.

भास्कराचार्यांचा जन्म १११४चा. गाव सह्याद्रीच्या परिसरातले विज्जडवीड. वडील महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६व्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग.

‘बीजगणिता’त एकाहून अधिक अज्ञात संख्यांसाठी ‘अनेकवर्ण समीकरण’ हे प्रकरण आहे. वर्ण म्हणजे रंग. पहिली अज्ञात संख्या ‘यावत्तावत्’. पुढच्या कालक, नीलक, पीतक. लिहिताना फक्त या, का, नी, पी. आपण क्ष आणि य लिहितो, तसेच. ही परंपरा ब्रह्मगुप्तापासूनची. भास्कराचार्यांनी ती उदाहरणांसह नीट लावून दिली.

त्यांचे एक उदाहरण असे : चौघांकडे अनुक्रमे घोडे ५, ३, ६, ८, उंट २, ७, ४, १, खेचरे ८, २, १, ३ आणि बैल ७, १, २, १ आहेत. चौघांची संपत्ती सारखी. तर प्रत्येक जनावराची किंमत किती? अज्ञात चार, पण समीकरणे तीनच. त्यामुळे एकच उत्तर निघत नाही. किमतींचे प्रमाण तेवढे ठरते. सर्वांत लहान पूर्णांक उत्तर : घोडा ८५, उंट ७६, खेचर ३१, बैल ४. प्रत्येकाची संपत्ती ८५३. सगळ्या किमती दुप्पट केल्या तरी उत्तर बरोबरच.

वयाच्या ६९व्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. नातू चांगदेव यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन झाला. १२०७चा तिथला शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. मठाच्या खर्चासाठी गावच्या बाजारातील मालावर ठरवून दिलेला वाटा त्यात जुन्या मराठीत कोरलेला आहे.