माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन

रणांगण जिंकणाऱ्या पुरुषांचीं नांवें मुलांस चटकन् पाठ होतात; परंतु जिंकलेल्या मुलुखांत सामान्य माणसाचा दावा कोणत्या कायद्यानें तोडावा, याची चिंता वाहणाऱ्यांची आठवण फारशी कोणी ठेवीत नाहीं. एल्फिन्स्टन यांनीं दोन्ही कामें केलीं. त्यांतील दुसऱ्या कामाचा आपल्या खानदेशाशीं निकट संबंध असल्यामुळें त्यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या वडील मंडळीपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

त्यांचा जन्म १७७९ सालीं स्कॉटलंडांतील एका सरदार घराण्यांत झाला. १७९६ सालीं, ऐन शिकण्याच्या वयांत, ते कंपनीच्या नोकरीवर कलकत्त्यास उतरले. शाळेंत जें अपुरें राहिलें तें त्यांनीं स्वतःच्या श्रमानें भरून काढलें. लष्कराच्या छावणींतहि ग्रीक व फारशी ग्रंथ त्यांच्या हातून सुटले नाहींत. १८०३ सालीं असईच्या लढाईंत ते वेलस्ली यांच्याजवळ होते. पुढें नागपूरची वकिली झाली, १८०८ सालीं काबूलच्या दरबाराकडे रवानगी झाली, आणि १८११ सालीं ते पुण्यास रेसिडेंट म्हणून आले. ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई झाली. त्या धामधुमींत संगमावरील त्यांचा बंगला ग्रंथसंग्रहासह जळून गेला. पेशवाई बुडविणाऱ्यांत ते प्रमुख होते, ही गोष्ट लपविण्याचें कारण नाहीं. आणि तिचें दुःख वाटणें आम्हां मराठी माणसांस स्वाभाविकच आहे.

१८१८ सालीं जिंकलेला मुलूख त्यांच्या हवालीं झाला. त्यांत खानदेशाची दशा फारच वाईट होती. स्वाऱ्या, १८०३-०४ चा दुष्काळ व पेंढाऱ्यांचा उपद्रव यांनीं गांवेंच्या गांवें ओस पडलीं होतीं. एल्फिन्स्टन यांच्या हाताखालीं कॅप्टन ब्रिग्ज यांनीं धुळें हें मुख्य ठाणें केलें व तेथें कचेऱ्या उभारल्या. पुढें १८२५ सालीं आउट्रम यांनीं भिल्लांची पलटण उभी केली. शांतता झाली तसे सावकार व व्यापारी व्यवहार करूं लागले. आणि व्यवहार आला कीं तंटा आलाच.

आतां प्रश्न असा कीं, तो तंटा कोणाच्या कायद्यानें तोडावयाचा? राज्य इंग्रजांचें, धनको मारवाडी किंवा गुजराथी, ऋणको हिंदु किंवा मुसलमान, आणि करार झालेला बाजाराच्या चालीप्रमाणें. जेत्यानें आपलाच कायदा सर्वांवर लादला असता तर त्यास अडविणारें कोणी नव्हतें. परंतु १८१९ सालीं मुंबईचे गव्हर्नर झाल्यावर एल्फिन्स्टन यांनीं लोकांच्या चालीरीतींची चौकशी करविली. दख्खनमधील निरनिराळ्या जातींचे निर्बंध व वहिवाटी स्टील यांनीं एका ग्रंथांत संग्रहित केल्या. मग १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनांत निवाड्याचा क्रम घालून दिला गेला. प्रथम पार्लमेंटचे व सरकारचे कायदे पाहावे. ते नसतील तेथें ज्या मुलुखांत दावा उत्पन्न झाला तेथील वहिवाट पाहावी. तीहि न आढळल्यास प्रतिवादीचा कायदा लावावा. आणि कांहींच न मिळाल्यास न्याय, समता व सदसद्विवेकबुद्धि यांनुसार निकाल द्यावा. प्रतिवादीच्या कायद्याचें तत्त्व अगदींच नवें नव्हतें. १७८१ च्या पार्लमेंटच्या कायद्यानें कलकत्त्यास करारांच्या बाबतींत तें घातलें होतेंच. पण मुंबई इलाख्यांतील जिल्ह्याजिल्ह्यांत तें या रेग्युलेशनानें रुजलें.

त्याचा अर्थ एका उदाहरणानें स्पष्ट होईल. शंभर रुपये मुद्दल असून व्याज एकशें साठ थकलें आहे, असें समजा. हिंदु धर्मशास्त्राच्या दामदुपटीच्या नियमानें एके वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज मागतां येत नाहीं. म्हणून ऋणको हिंदु असल्यास हुकूमनामा दोनशें रुपयांचाच होई, मग सावकार कोणत्याहि धर्माचा असो. ऋणको मुसलमान असल्यास त्याला हा नियम लागत नसे. कोर्टांत ओढला गेलेला मनुष्य आपल्या ओळखीच्या नियमानें तोलला जावा, परक्या नियमानें नव्हे, हें यांतील मर्म होय.

तथापि सर्वच हेतु सिद्धीस गेले नाहींत. गांवची पंचायत टिकावी अशी एल्फिन्स्टन यांची मनापासून इच्छा होती. परंतु लेखी कायदा व कचेरी आल्यावर पंचायतीचा अधिकार हळूहळू क्षीण झाला. ज्या हातानें वहिवाटी लिहून घेतल्या, त्याच हातानें त्या सांभाळणारी संस्था दुबळी व्हावी, हा त्यांच्या कारकीर्दींतील विचार करण्याजोगा विरोध आहे.

१८७२ सालीं कराराचा सामान्य कायदा झाला व धर्मपरत्वें भेद पुष्कळ कमी झाला. तरी दामदुपट व हुंडीच्या चाली पुढेंहि चालू राहिल्या. आज जळगांवचीं केळीं समुद्रापार जातात, तेव्हां प्रश्न दोन धर्मांचा नसून दोन देशांचा असतो. उभय पक्षांनीं करारांत एखाद्या देशाचा कायदा नेमला असेल तर सामान्यतः तोच लागतो. नसेल तर त्यांचा अभिप्राय पाहतात, आणि तोहि न कळल्यास कराराचा निकटतम संबंध ज्या देशाशीं त्याचा कायदा लावतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९२ सालीं हेंच तत्त्व मान्य केलें. जमिनीची गोष्ट मात्र वेगळी. ती जेथें असेल तेथील कायदाच तिच्या मालकीवर चालतो.

१८२७ सालीं एल्फिन्स्टन यांनीं मुंबई सोडली. लोकांनीं त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी जमविली. तिच्यांतूनच पुढें त्यांच्या नांवाचें कॉलेज उभें राहिलें. गव्हर्नर-जनरलचें पद दोनदां चालून आलें असतां त्यांनीं तें नाकारलें व ग्रंथांत मन रमविलें. त्यांचा हिंदुस्थानचा इतिहास १८४१ सालीं प्रसिद्ध झाला. १८५९ सालीं इंग्लंडांत त्यांचा अंत झाला.

आमच्या मुलांनीं या चरित्रांतून येवढें घ्यावें: आपल्या हातीं अधिकार आला म्हणजे समोरच्याचा नियम काय आहे, हें निवाड्यापूर्वीं विचारावें. आणि वडील मंडळीस आमची विनंती अशी कीं, कागदावर सही करण्यापूर्वीं तो करार कोणत्या कायद्याखालीं आहे, हें त्यांनीं मुलांकडून एकदां मोठ्यानें वाचवून घ्यावें.