दत्तू फडकर

दत्तात्रय गजानन ऊर्फ दत्तू फडकर (जन्म : डिसेंबर १९२५, कोल्हापूर, मृत्यू : १७ मार्च १९८५, मद्रास) हे भारताचे कसोटी क्रिकेटपटू होते. उजव्या हाताचे फलंदाज आणि मध्यम जलदगती गोलंदाज अशा दुहेरी भूमिकेत त्यांनी १९४७ ते १९५९ या काळात ३१ कसोटी सामने खेळले. देशांतर्गत क्रिकेटमध्ये महाराष्ट्र, मुंबई, बंगाल आणि रेल्वे या संघांचे त्यांनी प्रतिनिधित्व केले. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर वेस्ट इंडीजविरुद्ध भारताचा विजय अवघ्या ६ धावांनी हुकला, तेव्हा फडकर नाबाद होते. त्या सामन्याच्या अखेरीस पंचांनी घेतलेला निर्णय भारतीय क्रिकेटच्या इतिहासात आजही वादाचा विषय आहे.

पदार्पण आणि ऑस्ट्रेलिया दौरा

लाला अमरनाथ यांच्या नेतृत्वाखाली १९४७-४८ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेलेल्या संघात फडकरांची निवड झाली. स्वतंत्र भारताचा हा पहिलाच कसोटी दौरा होता. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी येथील दुसऱ्या कसोटीत त्यांनी पदार्पण केले. पहिल्या डावात त्यांनी ५१ धावा काढल्या. त्यानंतर केवळ १४ धावांत ३ बळी घेऊन ऑस्ट्रेलियाचा डाव १०७ धावांत गुंडाळण्यास मोठा हातभार लावला. पावसामुळे हा सामना अनिर्णित राहिला. याच कसोटीत विनू मांकड यांनी चेंडू टाकण्यापूर्वीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राउन यांना धावबाद केले होते. पंचांचा तो निर्णय नियमाला धरून होता. तरीही खिलाडूवृत्तीच्या मुद्द्यावरून त्याची चर्चा दीर्घकाळ चालली.

जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे फडकरांनी १२३ धावांची खेळी केली. या डावात त्यांनी विजय हजारे यांच्यासह सहाव्या गड्यासाठी १८८ धावांची भागीदारी रचली. मालिकेत त्यांनी ५२.३३ च्या सरासरीने ३१४ धावा जमवल्या.

१९४८-४९ ची वेस्ट इंडीजविरुद्धची मालिका

जॉन गोडार्ड यांच्या वेस्ट इंडीज संघाविरुद्ध मायदेशी झालेल्या पाच कसोटींच्या मालिकेत पहिले तीन सामने अनिर्णित राहिले. मद्रास येथील चौथ्या कसोटीत फडकरांनी १५९ धावांत ७ बळी घेतले. ही त्यांची कारकिर्दीतील सर्वोत्तम कामगिरी ठरली. मात्र भारताचा तेथे एक डाव आणि १९३ धावांनी पराभव झाला. त्यामुळे मालिकेत बरोबरी साधण्यासाठी मुंबईची अखेरची कसोटी जिंकणे भारताला भाग होते. भारताचा हा विसावा कसोटी सामना होता आणि तोपर्यंत एकही विजय त्याच्या नावावर नव्हता.

ब्रेबोर्न कसोटी

हा सामना ४ ते ८ फेब्रुवारी १९४९ या काळात झाला. वेस्ट इंडीजने २८६ आणि २६७ धावा केल्या, तर भारताचा पहिला डाव १९३ धावांत संपला. भारतापुढे विजयासाठी ३६१ धावांचे लक्ष्य होते. त्या वेळेपर्यंत एवढे मोठे लक्ष्य चौथ्या डावात केवळ ऑस्ट्रेलियाने, १९४८ मध्ये लीड्स येथे, गाठले होते. हजारे (१२२) आणि रुसी मोदी (८६) यांच्या १३९ धावांच्या भागीदारीने विजय दृष्टिपथात आला. त्यानंतर गडी बाद होत गेले आणि शेवटी फडकर व गुलाम अहमद ही जोडी मैदानावर उरली. यष्टिरक्षक प्रबीर सेन जायबंदी असल्याने फलंदाजीस येऊ शकत नव्हते. त्यामुळे आणखी एक गडी बाद झाला असता, तर भारताचा डाव तेथेच संपला असता.

धावसंख्या ८ बाद ३५५ असताना पंच जोशी यांनी बेल्स उचलून खेळ संपल्याचे जाहीर केले. चालू षटकाचा एक चेंडू टाकायचा शिल्लक होता आणि घड्याळात खेळाची सुमारे दीड मिनिटे बाकी होती. फडकर ३७ धावांवर नाबाद राहिले. सामना अनिर्णित ठरला आणि मालिका वेस्ट इंडीजने १-० अशी जिंकली.

निर्णयाविषयीचा वाद

वेळ संपण्यापूर्वी सुरू झालेले षटक पूर्ण करणे आणि त्यानंतरही वेळ उरल्यास पुढील षटक सुरू करणे, असा क्रिकेटचा नियम आहे. या नियमानुसार भारताला उरलेला चेंडू तर मिळायला हवा होताच, शिवाय आणखी एका षटकाचीही शक्यता होती. म्हणूनच, एका चेंडूत सहा धावा निघणे अवघडच होते, हा युक्तिवाद पुरेसा ठरत नाही. दुसऱ्या बाजूने, विजय निश्चित होता असेही म्हणता येत नाही. एक गडी बाद होताच पराभव ओढवला असता.

पंच भारतीय असल्याने त्यांच्यावर पक्षपाताचा संशय घेण्यास जागा नव्हती. त्यांच्या चुकीचा फटका यजमान संघालाच बसला आणि अखेरच्या क्षणांच्या उत्कंठेत ती घडली असे मानले जाते. शेवटच्या टप्प्यात वेस्ट इंडीजने मुद्दाम वेळ दवडला, असाही आक्षेप घेतला जातो. अखेरच्या तासात किमान षटके टाकण्याचे बंधन त्या काळी नव्हते; घड्याळावरच सारे अवलंबून असे.

पुढील कारकीर्द

या कसोटीनंतर महिनाभरातच पुण्यात झालेल्या रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्यात फडकरांनी मुंबईकडून महाराष्ट्राविरुद्ध दोन्ही डावांत शतके (१३१ आणि १६०) झळकावली. या सामन्यात एकूण २,३७६ धावा निघाल्या. १९५१-५२ मध्ये इंग्लंडविरुद्ध कलकत्ता येथे त्यांनी ११५ धावा केल्या. ब्रेबोर्नवर हुकलेला भारताचा पहिला कसोटी विजय फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे साकार झाला, तेव्हा फडकर संघात होते आणि त्यांनी ६१ धावांचे योगदान दिले. त्याच वर्षी लीड्स येथे भारताची अवस्था शून्यावर ४ बाद अशी झाली असताना त्यांनी ६४ धावा करून हजारे यांच्यासह शतकी भागीदारी केली.

१९५८-५९ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध कलकत्ता येथे ते अखेरची कसोटी खेळले. कसोटी क्रिकेटमध्ये त्यांच्या नावावर २ शतकांसह १,२२९ धावा आणि ६२ बळी आहेत. १७ मार्च १९८५ रोजी मद्रास येथे त्यांचे निधन झाले. वेस्ट इंडीजविरुद्ध भारताला पहिला कसोटी विजय मिळण्यास मात्र १९७१ साल उजाडावे लागले.